कंसात दडवलेलं औषध

एच. जी. वेल्सच्या ‘टोनो-बंगे’ या कादंबरीत एक जागा अशी आहे, की तिथे मी दर वेळी अडखळते. काका आपल्या पुतण्याला नव्या टॉनिकची माहिती देतोय. त्यात आहे तरी काय, असं पुतण्यानं सरळच विचारलं आहे. काका पुढे वाकतो, तोंडाशी हात आडवा धरतो आणि कुजबुजत सांगायला लागतो. वाक्य घटकाच्या नावापर्यंत येतं आणि तुटतं. पुढे कंस सुरू होतो. त्या कंसात निवेदक, म्हणजे तोच पुतण्या, आपल्याशी बोलतो. तो म्हणतो, की ऐन वेळी माझं मन कचरतंय. हा माल अजून बाजारात विकला जातो आणि आज तो ज्यांच्या हातात आहे त्यांना तो विकणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा गुपित फोडणं काही जमायचं नाही. मग काका पुन्हा बोलू लागतो, पण प्रत्येक घटकाच्या जागी कंस येत राहतात. वासासाठी आणि चवीसाठी काहीतरी, तरतरी यावी म्हणून दोन जहाल द्रव्यं, थोडी झिंग यावी म्हणून आणखी दोन. त्या जहाल द्रव्यांपैकी एक मूत्रपिंडांवर घाला घालणारं आहे. काका अभिमानानं सांगतो, की बाकीची कृती जुन्या पुस्तकातली, पण हे एक मात्र माझ्या डोक्यातून निघालेलं.

हा प्रसंग विनोदी आहे आणि मी पहिल्यांदा तो वाचून हसले होते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी जाहिरातीची नोकरी सोडून चार वर्षं झाली होती, आणि तेव्हा मला हसू आलं नाही. चारशेहून अधिक पानं भरून हा माणूस आपल्या पापाची कबुली देतो. आपण लोकांना कचरा विकला, तो कचरा असल्याचं आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं स्वच्छ सांगतो. आणि औषधात काय होतं एवढंच सांगत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारा हा कबुलीजबाब आहे. या कादंबरीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण मला वाटतं तिची किल्ली या कंसात आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. जॉर्ज पाँडरेव्हो हा ब्लेड्सओव्हर नावाच्या जमीनदारी वाड्यातल्या हाऊसकीपरचा मुलगा. त्याचा काका एडवर्ड हा एका झोपाळू गावातला केमिस्ट. काका सट्ट्यात बुडतो आणि पुतण्याचे ठेवीचे पैसेही बुडवतो. मग लंडनला येऊन तो टोनो-बंगे नावाचं टॉनिक काढतो. जॉर्ज तेव्हा लंडनमध्ये विज्ञान शिकत असतो. काका त्याला वर्षाला तीनशे पौंडांची नोकरी देऊ करतो. जॉर्ज आठवडाभर स्वतःशी झगडतो, पण लग्न करायचं आहे आणि लग्नाला पैसा हवा, म्हणून हो म्हणतो. मग बाटल्या भरण्याची आणि खोकी बांधण्याची व्यवस्था हाच विज्ञानाचा विद्यार्थी सुधारून देतो. टॉनिकच्या पैशांवर कंपन्यांच्या कंपन्या उभ्या राहतात, काका क्रेस्ट हिल नावाच्या टेकडीवर प्रचंड महाल बांधायला घेतो, आणि शेवटी सगळा डोलारा कोसळतो. दिवाळखोर काका पुतण्यानं बनवलेल्या विमानातून फ्रान्सला पळतो आणि तिथल्या एका खाणावळीत मरतो.

वेल्सला हे जग आतून माहीत होतं. त्याची आई अपपार्क नावाच्या अशाच एका वाड्यात हाऊसकीपर होती, आणि १८८१ साली जेमतेम महिनाभर तोही मिडहर्स्टमधल्या एका केमिस्टच्या दुकानात उमेदवारी करत होता. कादंबरी पुस्तकरूपानं १९०९ साली आली. राणी व्हिक्टोरिया जाऊन आठ वर्षं झाली होती, पण पुस्तकातली बाटली तिच्याच काळातली आहे.

त्या काळातल्या या ‘पेटंट’ औषधांबद्दल पहिली गोष्ट सांगायची, ती म्हणजे त्यांतल्या बहुतेकांचं पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि कृती उघड झाली की धंदा संपला. त्यामुळे नाव पेटंटचं आणि सगळी मदार गुपितावर. सरकारनं या औषधांवर अठराव्या शतकातच मुद्रांक शुल्क लावलं होतं. प्रत्येक डबीवर, बाटलीवर सरकारी मुद्रांकाची पट्टी चिकटवलेली असे. ती कर भरल्याची खूण होती, पण गिऱ्हाइकाला वाटे की सरकारनं औषध तपासून शिक्का मारला आहे. विक्रेते हा समज दूर करण्याच्या भानगडीत अर्थातच पडत नसत. १८६८ सालच्या फार्मसी कायद्यानं अफूसारख्या विषांच्या विक्रीवर बंधनं आणली, पण त्यातून पेटंट औषधं वगळली. म्हणजे अफू सुटी मागितली तर नियम. अफू गोड पाकात घालून रडक्या बाळांसाठी ‘गॉडफ्रीज कॉर्डिअल’ म्हणून विकली तर वाट मोकळी. कारखान्यात जाणाऱ्या बायका लेकराला त्याचा चमचा पाजून कामावर जात. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या बाईनं मुलाला अफूची गोळी चाटवून निजवल्याच्या आठवणी ज्यांनी आजीकडून ऐकल्या असतील, त्यांना हे फार लांबचं वाटणार नाही.

आता पैशांचं बघू. थॉमस हॉलोवे या माणसानं १८३७ साली मलम विकायला सुरुवात केली, मग गोळ्या आणल्या. शेवटच्या काळात तो जाहिरातींवर वर्षाला सुमारे ५०,००० पौंड खर्च करत होता. त्याच्या जाहिराती जगभरच्या वृत्तपत्रांत झळकत, हिंदुस्थानातल्याही. दुसरा थॉमस बीचम. लहानपणी मेंढरं राखणारा हा मुलगा पुढे सेंट हेलेन्समध्ये गोळ्यांचा कारखाना काढून बसला. डबीची किंमत साधारण एक शिलिंग दीड पेनी, आणि जाहिरातीत दावा असा, की डबीचं मोल एका गिनीचं, म्हणजे एकवीस शिलिंगांचं.

त्या डबीत काय होतं हे आपल्याला नेमकं माहीत आहे, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. ज्या १९०९ साली ‘टोनो-बंगे’ आली, त्याच साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं पुस्तक काढलं. बाजारातल्या गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून त्यात काय आहे आणि त्याला किती खर्च येतो हे त्यात एकेका औषधाखाली छापलं होतं. बीचमच्या गोळ्यांत निघालं काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या घटकांची किंमत साधारण अर्धा फार्दिंग. पेनीचे चार फार्दिंग होतात. तेव्हा गिऱ्हाईक घटकांच्या किमतीच्या शंभरपटीहून अधिक पैसे मोजत होतं. काळा बोळ आमच्या घरीही होता, तो पोट साफ करतो हे पणजीला माहीत होतं, आणि त्यासाठी तिनं गिनीचं नाव कधी घेतलं नाही.

एकाच वर्षी दोन पुस्तकं. एक सगळ्या कृती उघड्या करतं. दुसरं एकच कृती सांगायची वेळ येते तेव्हा तोंडावर हात ठेवतं. सरळ विचार केला तर पहिलं पुस्तक धाडसी आणि दुसरं भित्रं ठरावं. पण झालं काय? ‘सीक्रेट रेमेडीज’ भरपूर खपलं, तीन वर्षांनी त्याचा दुसरा भागही आला, पण पुष्कळ वृत्तपत्रांनी त्याची जाहिरात छापायला नकार दिला. त्यांचं पोट गोळ्यांच्या जाहिरातींवर चालत होतं. बीचमच्या गोळ्या त्यानंतरही कित्येक दशकं विकल्या गेल्या. काळा बोळ, सुंठ आणि साबण हे कळल्यावरही लोक त्या घेत राहिले.

त्याचं उत्तर वेल्सच्या पुस्तकात मिळतं. माणसं काळा बोळ विकत घेत नव्हतीच. काका पाँडरेव्होचं खरं कसब मिश्रणात नाही. तो वाक्यं बनवतो. त्याच्या जाहिराती रोगाचं नाव घेत नाहीत. त्या विचारतात, की धंद्याचा कंटाळा आला आहे का, जेवणाचा, अगदी बायकोचाही? यांतल्या कशालाही डॉक्टरकडे इलाज नाही आणि कशालाही खोटं पाडता येत नाही. काकाला हे शब्द हिशेबानं सुचत नाहीत, कविता सुचावी तसे सुचतात. तो लबाड आहे, पण थंड डोक्याचा लबाड नाही. बोलता बोलता त्याचा स्वतःचाच विश्वास बसत जातो. कादंबरीत यूअर्ट नावाचा जॉर्जचा एक शिल्पकार मित्र आहे. आळशी, बोलघेवडा. बाटल्या भरण्याचा कारखाना बघून तो उपहासानं म्हणून जे बोलतो, ते माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यांत गंभीर भाषण आहे. त्याचा मुद्दा असा, की या बाटलीला गिऱ्हाईक आहे ते थकलेल्या कारकुनांचं, पिचलेल्या बायकांचं, काहीतरी करावंसं आणि कुणीतरी व्हावंसं वाटून शिणलेल्या माणसांचं. आपण नीट जगतच नाही आहोत हे त्यांचं खरं दुखणं, आणि निदान एकदा तरी कडकडून जिवंत असावं ही त्यांची भूक. काका त्या भुकेला बाटली देतो.

इथे मला माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. पुण्यात एका जाहिरात संस्थेत मी मराठी मजकूर लिहायचे. आमच्याकडे एका छोट्या कंपनीचं टॉनिक होतं. मला मिळालेली पहिली सूचना ही, की आजाराचं नाव घ्यायचं नाही. १९५४ सालचा औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्यात पन्नासहून अधिक आजारांची यादी आहे, त्यांतला एकही बरा करतो म्हणायचं नाही. मी यादी वाचली. तिच्यात कर्करोग होता, मधुमेह होता, पण संध्याकाळी सहाला येणारा थकवा नव्हता. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर स्वतःचं पान घ्यायचा येणारा कंटाळा नव्हता. मग मी तेच लिहिलं. घरात सगळ्यांचं करता करता तुमचं कोण करतं, असं काहीसं. मजकूर साहेबांना आवडला. मलाही आवडला, हे कबूल करायला हवं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

वर्षभरानं सांगलीला मावशीकडे गेले. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ती बाटली होती. मावशी म्हणाली, “काकांना सांगू नकोस हं, उगीच खर्च म्हणतील.” मग चष्मा लावून तिनं खोक्यावरचा मजकूर मला वाचून दाखवला. माझाच. वाचून म्हणाली, “बघ की गं, कुणालातरी कळतंय.” मी काही बोलले नाही. पुढे कळलं, की ती ते आठ महिने घेत होती, आणि त्या आठ महिन्यांत तिला दर महिन्याला भयंकर रक्तस्राव होत होता, जो तिनं कुणालाच सांगितला नव्हता. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा तपासलं. हिमोग्लोबिन सहा निघालं. शस्त्रक्रिया झाली, आता ती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी विचारलं, की इतके दिवस काय करत होता? तर म्हणाली, “टॉनिक चालू होतं.”

हे मी स्वतःला झोडपून घ्यायला सांगत नाही. सांगण्याचं कारण कादंबरीतच आहे. टोनो-बंगे अपायकारक आहे का, याविषयी जॉर्ज म्हणतो की हो, जरासं. ते ‘जरासं’ मला आता वाचवत नाही. बाटलीतला मालच तपासायचा तर माझं टॉनिकही निरुपद्रवीच ठरलं असतं. साखरेचा पाक, थोडं लोह. अपाय बाटलीतल्या पदार्थानं केला नाही. बाटलीनं एका बाईला आठ महिने थांबवून धरलं, आणि थांबवून धरलं ते माझ्या खऱ्या वाक्यांनी. ‘सीक्रेट रेमेडीज’च्या तक्त्यात या नुकसानाला रकाना नाही. तिथे इतके ग्रेन बोळ, इतकी सुंठ. वेल्सला मात्र हे दिसायला हवं होतं, कारण औषध शब्दांचं आहे हे त्यानंच तर दाखवलं. आणि नेमकं इथेच मला त्याची कादंबरी अपुरी वाटते. एवढ्या मोठ्या पुस्तकात ते टॉनिक पिणारा माणूस, नावागावानिशी, कुठे उभाच राहत नाही. विकणारे आहेत, भरणारे आहेत, पैसे लावणारे आहेत, यूअर्टसारखे भाष्य करणारे आहेत. पिणारे फक्त त्याच्या भाषणात आहेत, घोळक्यानं. थकलेले कारकून, पिचलेल्या बायका. एखाद्या पिचलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात वेल्स एकदाही शिरत नाही.

त्यातल्या त्यात जवळ येते ती काकाची बायको, सुझन. टॉनिकची, महालाची, नवऱ्याच्या मोठेपणाची ती आतून खिल्ली उडवत असते. तिच्यासमोर काकाची वाक्यं चालत नाहीत. पण तिचं स्वतःचं रितेपण नवऱ्याच्या कुठल्याच बाटलीनं भरत नाही, हे वेल्स दोन-चार ओळींत दाखवतो आणि पुढे जातो. मला ती कादंबरी हवी होती, जी तिथे थांबली असती.

या पुस्तकाबद्दल समीक्षकांचं जुनं भांडण आहे. मार्क शोररनं १९४८ साली ‘टेक्निक अॅज डिस्कव्हरी’ या निबंधात वेल्सला झोडपलं. त्याचं म्हणणं, की वेल्सनं तंत्राकडे दुर्लक्ष केलं म्हणून त्याला आपल्याच आशयाचा शोध लागला नाही, आणि शेवटी जॉर्जचं युद्धनौका बांधण्याचं काम म्हणजे जणू सत्य, असं काहीतरी भलतंच पुस्तक सांगून बसलं. डेव्हिड लॉजनं १९६६ साली उलट बाजू घेतली. त्याच्या मते कादंबरीचा नायक जॉर्ज नाहीच, इंग्लंड हाच नायक आहे. आणि रोगाच्या, कुजण्याच्या, गाठीसारखं वाढत जाण्याच्या प्रतिमा पुस्तकभर इतक्या नेटानं विणलेल्या आहेत की तिला ढिसाळ म्हणता येणार नाही. मी लॉजच्या बाजूनं आहे. पण दोघंही जॉर्जला एक सवलत देतात. तो गबाळं लिहितो असं एकाला वाटतं, तो इंग्लंडविषयी लिहितो असं दुसऱ्याला. तो अजूनही विक्रेत्यासारखा लिहितो, हे मात्र दोघांच्याही वाचनात महत्त्वाचं ठरत नाही.

एकदा तसं वाचून बघा. सुरुवातीलाच तो सांगतो, की मला कादंबरी रचता येत नाही, मी आपला मनात येईल तसं भरकटत सांगणार. ‘आम्हाला गोड बोलता येत नाही’ असं म्हणत गोड बोलणारा विक्रेता आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुस्तकाला तो टॉनिकचंच नाव देतो आणि शेवटी म्हणतो, की खरं तर ‘नासाडी’ असं काहीतरी नाव द्यायला हवं होतं. पण दिलेलं नाही. मुखपृष्ठावर आजही मालाचं नाव आहे. आणि मध्ये तो कंस आहे, जिथे त्याला सगळ्यांत सोपी गोष्ट करता आली असती, घटकांची नावं लिहिता आली असती, आणि त्यानं केली नाही. वेल्सचं धूर्तपण असं, की जॉर्जचा पश्चात्ताप खोटा आहे असं तो कुठेही सुचवत नाही. पश्चात्ताप खराच आहे, तरीही व्यापाराचं गुपित शाबूत आहे. दोन्ही एकाच माणसात, एकाच वाक्यात सुखानं नांदतात. माणूस असाच असतो, निदान मी तशी होते.

जॉर्जची कबुली कुठे किती जाडीची आहे हे मोजायचं असेल तर तिसऱ्या भागातला आफ्रिकेचा प्रवास वाचावा. धंदा बुडायला लागल्यावर काका त्याला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवतो, तिथल्या ‘क्वॅप’ नावाच्या किरणोत्सारी मातीचे ढीग चोरून आणायला. काम करणाऱ्यांना त्या मातीनं फोड येतात. तिथे जंगलात जॉर्जला एक काळा माणूस दिसतो. बातमी फुटेल या भीतीनं जॉर्ज त्याला पळता पळता पाठीत गोळी घालतो आणि प्रेत चिखलात दडपतो. त्याला नाव नाही, तो एक शब्द बोलत नाही. क्वॅपमुळे जहाजही वाटेत कुजून बुडतं, सगळं फुकट जातं. काकाच्या भानगडींना आणि स्वतःच्या फसलेल्या प्रेमाला प्रकरणंच्या प्रकरणं देणारा हा निवेदक खुनाचा हिशेब काही पानांत उरकतो. आपण, म्हणजे ज्यांच्या पणजोबांच्या वर्तमानपत्रांत हॉलोवेच्या गोळ्या येत होत्या ते वाचक, त्या पानांवर जरा जास्त वेळ थांबतो. लंडनमधल्या थकलेल्या कारकुनाची तरतरी शाबूत ठेवायला कुठे कुठे काय काय दडपावं लागतं, हे तिथे दिसतं. वेल्सनं ते दाखवलं, याचं श्रेय त्याला आहेच. पिणाऱ्याला दिला नाही तो चेहरा त्यानं या मेलेल्या माणसालाही दिला नाही, हेही खरं.

वास्तवातल्या काकांचं काय झालं? कादंबरीतला क्रेस्ट हिलचा महाल अर्धवट राहिला. हॉलोवेच्या इमारती पूर्ण झाल्या. व्हर्जिनिया वॉटरला त्याच्या पैशांतून मनोरुग्णांसाठी भव्य रुग्णालय उभं राहिलं, ते १८८५ साली उघडलं. एगमला स्त्रियांसाठी महाविद्यालय बांधलं गेलं, त्याचं उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीनं केलं. रॉयल हॉलोवे आजही लंडन विद्यापीठाचा भाग आहे. बीचमचा नातू सर थॉमस बीचम इंग्लंडचा नामांकित वाद्यवृंद-संचालक झाला. त्याच्या सुरुवातीच्या ऑपेरांना गोळ्यांचा पैसा होता. पिढ्यान् पिढ्या मुली त्या महाविद्यालयात शिकल्या. त्यांचं शिक्षण खोटं होतं असं मी कसं म्हणू? वेल्सनं महाल कोसळू दिला, कारण कादंबरीला न्याय करावासा वाटतो. इतिहासाला तशी घाई नसते. तो पापाच्या पैशावर सुंदर इमारती बांधतो आणि त्यात चांगली माणसं राहतात.

कायद्याची घाई तर विचारूच नका. संसदेनं १९१२ साली पेटंट औषधांवर समिती नेमली. तिनं दोन वर्षं साक्षी घेतल्या, फसवणुकीचा सगळा पाढा वाचला. अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि अहवाल बाजूला पडला. औषधात काय आहे ते वेष्टनावर छापायची सक्ती व्हायला १९४१ साल उजाडलं, म्हणजे आणखी एक महायुद्ध. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात जॉर्ज स्वतः बांधलेल्या युद्धनौकेतून थेम्स नदीवरून समुद्राकडे निघालेला असतो. टॉनिक सोडून तो आता विनाशिका बनवतो. शोररला या शेवटात विसंगती दिसली. पाच वर्षांनी त्या अहवालाचं जे झालं ते बघता, मला तो शेवट फार चोख वाटतो.

आज बाटलीवर सगळं छापलेलं असतं. मावशीच्या बाटलीवरही होतं, बारीक अक्षरात, प्रत्येक चमच्यात किती मिलिग्रॅम काय. तिनं ते वाचलं नव्हतं. तिनं वाचलं होतं ते मोठ्या अक्षरातलं. काकाचं गुपित कंसात ठेवून वेल्सनं हेच केलं असावं, असं आता मला वाटतं. नावं सांगितली असती तर आपण ‘अरे, एवढंच!’ म्हणून पुस्तक मिटलं असतं, आणि आपण फसलो नसतो अशी खात्री बाळगून झोपलो असतो.

मावशीला मी अजून सांगितलेलं नाही, की तो मजकूर माझा होता. आणि हा लेख इथवर वाचलात त्यांच्या लक्षात आलंच असेल, की त्या टॉनिकचं नावही मी कुठे लिहिलेलं नाही. कारण विचाराल तर देता येईल. ते अजून विकलं जातं, ती माणसं ओळखीची आहेत, असं काहीतरी. जॉर्जनं कंसात दिलं होतं तेच.